मेव्हिसला न्यायचा रविवार

रेलीनने गार झालेलं पाणी सिंकमध्ये ओतलं, केटलीतलं गरम पाणी भांड्यात घातलं आणि उंदीर चिमट्याने उलटा केला. फ्रीजरमधून काढलेला उंदीर आतपर्यंत कोमट व्हायला हवा, नुसती कातडी तापून चालत नाही. एरवी हे काम ती सोमवारी करायची. आज रविवार होता, आणि दुपारी तिचा आधीचा नवरा केल्विन त्याच्या नव्या बाईला घेऊन मेव्हिसला न्यायला येणार होता.

मेव्हिस म्हणजे अजगर. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठची जात, पुरुषभर लांब, अंगावर गालिच्यासारखी नक्षी. नाव केल्विनच्या आत्याचं. तीही म्हणे जेवली की कोपऱ्यात वेटोळं करून पडायची.

मेव्हिसने उंदीर झपकन धरला, आवळला आणि सावकाश गिळायला लागली. खाल्ल्यावर दोन दिवस अजगराला हात लावायचा नाही, हे पाळणाऱ्या कुणालाही विचारा. उचललं, तापल्या गाडीतून हिसके देत नेलं, की पोटातलं सगळं बाहेर.

"ओक म्हणावं तिच्या मांडीवर," रेलीन पुटपुटली.

पिंजऱ्याला कुलूप घालताना तिचा हात जरा अडखळला. अशाने साप आजारीही पडतो. पण मग तिला फोनवरची केल्विनची ती बाई, ब्रॉन्विन, आठवली, तो साखरेत घोळलेला आवाज, 'तुमचे उपकार झाले हं!' रेलीनने किल्ली फिरवली.

तरुणपणी केल्विनने नदीकाठच्या झाडाच्या ढोलीतून रानातला साप उचलून घरी आणला होता. त्यापायी दंड झाला, साप पाळायचा परवाना गेला. पुढे पैदाशीची, रीतसर मेव्हिस घरात आली ती रेलीनच्या परवान्यावर. आणि परवाना जिच्या नावाचा, साप तिच्याच पत्त्यावर. त्यामुळे केल्विन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला तरी मेव्हिस इथेच राहिली.

"लग्न मोडताना कुणी अडवलं नाही," रेलीन बहिणीला सांगायची, "साप हलवायचा म्हटलं की सरकार आडवं!"

तेव्हापासून केल्विन दर रविवारी यायचा. बेकरीतून व्हॅनिला स्लाइस आणायचा, खुर्ची ओढून मेव्हिसला मांडीवर घ्यायचा. गळका नळ बघायचा, तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा. रेलीनची नजर मात्र त्याच्या बोटांवर. ती बोटं त्या खवल्यांवरून अशी फिरायची की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या पाठीवरून कधी फिरली अशी? बाई बाईवर जळते हे जगाला कळतं, पण सापावर? सांगायची सोय नाही! तरी दर सोमवारी ती न चुकता उंदीर घालायची, म्हणजे रविवारपर्यंत मेव्हिस हाताळायला मोकळी.

आता ब्रॉन्विनने स्वतःचा परवाना काढला होता. नवरा तर नेलाच, वर सापही. मेव्हिससाठी पैसे मोजले होते केल्विनने, म्हणून रेलीनने फोनवर ताठ मानेने सांगून टाकलं होतं, 'न्या, मला काय करायचंय!' फोन ठेवल्यावर मात्र ती कितीतरी वेळ पिंजऱ्यासमोर बसली होती.

दुपारी बाहेर गाडी थांबली. केल्विन पेटी घेऊन आत आला, मागून ब्रॉन्विन. हडकुळी, जेमतेम चाळिशीची.

"चल गं म्हातारे," म्हणत केल्विनने कुलूप काढून पिंजऱ्यात हात घातला.

"थांब, केल्व." ब्रॉन्विन काचेजवळ वाकली होती. मेव्हिसच्या अंगाला मधोमध चांगला फुगवटा आला होता. ब्रॉन्विनने मान वळवून रेलीनकडे पाहिलं. रेलीनचे कान तापले.

"आपल्या पिंजऱ्याचा दिवा अजून नीट तापत नाही," ब्रॉन्विन म्हणाली. "या आठवड्यात नेऊ कधीतरी."

"काल तर तापत होता."

"काल तापत होता. जा, पेटी ठेवून ये गाडीत."

केल्विनचा चेहरा एकदम खुलला. "मग काय, चहा टाक, रेल!" म्हणत तो बाहेर गेला.

"मला दिसलं तिचं पोट," ब्रॉन्विन हळूच म्हणाली. "त्याला नाही दिसलं."

"विसरले मी. सवयीने..."

"नाही विसरलात." आवाजात राग नव्हता. "मी त्याला विचारलं, ती काय खाते, किती दिवसांनी, शेवटची कात कधी टाकली, उबेला झोपते की गारव्याला. पिंजरा तयार करायचा होता ना. एकाचंही उत्तर त्याला देता आलं नाही. इतकी वर्षं दर रविवारी इथे येऊन बसतो. मग बघत काय होता हो?"

रेलीनने वळून पाहिलं. केल्विनची खुर्ची होती तिथेच होती. पाठ पिंजऱ्याकडे, तोंड रेलीन चहा करते त्या ओट्याकडे. पिंजऱ्याचा दिवा डोळ्यांवर येतो, म्हणून तो अशी ठेवतो असं तिला वाटायचं.

"म्हणून काढला परवाना," ब्रॉन्विन म्हणाली. "खरं सांगू? मला सापाची भीती वाटते."

बाहेर गाडीचं दार आपटलं.

"गुरुवारी ये," रेलीन घाईने म्हणाली. "एकटीच ये. कशी उचलायची दाखवते."

गुरुवारी ब्रॉन्विन आली. मेव्हिस मनगटावर चढली तशी तिचे हात लटलटायला लागले, पण तिने सोडलं नाही. रेलीनने खालून आधार दिला. फ्रीजरमधली उंदरांची पिशवी दिली, चिमटाही दिला.

"उंदीर सोमवारी घालत जा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "नाहीतर शनिवारी घाल. तुझ्या सोयीने. आता रविवार मोकळा कशाला हवा?"

ब्रॉन्विन पहिल्यांदाच हसली. "शनिवारीच घालते," ती म्हणाली.

रविवारी रेलीनने रिकामा पिंजरा पुसून काढला, दिव्याची वायर गुंडाळली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिने मनाला तीनतीनदा बजावलं. तरी कान रस्त्याकडेच होते.

आणि गाडी आली.

केल्विन जाळीच्या दाराबाहेर उभा होता, हातात बेकरीचा खोका.

"मेव्हिस इथे नाही, केल्व."

"माहितीय," तो म्हणाला आणि पायपुसण्यावर बूट पुसायला लागला. अख्ख्या संसारात त्याने कधी बूट पुसले नव्हते.

जाळीला आतून कडी होती. रेलीनचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. ब्रॉन्विनचे ते लटलटणारे हात काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.