पट्टीचे दुमडलेले टोक

डॅशबोर्डखाली उताणा सरकताना त्याच्या मानेला सीटखालची लोखंडी पट्टी रुतली, तरी त्याने हातातला टॉर्च सोडला नाही. ब्रेकच्या पेडलच्या वर मागचे लाल दिवे लावणारा अंगठ्याएवढा स्विच होता. त्याच्या दोन तारांपैकी एक पुन्हा सुटलेली होती. नाही, सुटलेली नव्हे, सोडवलेली. तिच्या उघड्या टोकाला काळी चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती.

मागच्या वेळी त्याने सारे रीतसर तपासले होते. मागचे दोन्ही बल्ब काढून उजेडासमोर धरले होते, फ्यूज बदलून पाहिला होता, डिकीत जिथे अर्थिंगची तार आवळतात ती गंजलेली जागा कानशीने घासून चकचकीत केली होती. सगळे ठणठणीत, फक्त ब्रेक दाबला की मागे काळोख. शेवटी ही तार लोंबकळताना सापडली, तेव्हा गाडीच्या वयाला दोष देऊन त्याने ती बसवून टाकली होती. पण जुन्या गाडीची तार फार तर निसटेल. ती स्वतःभोवती चिकटपट्टी गुंडाळून घेणार नाही.

आणि पट्टीचे टोक आत दुमडलेले होते.

ही या वर्कशॉपची खूण होती. “पुढच्या माणसाला सोडवताना नख लावायला लागू नये,” असे बाबा म्हणत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये उभा जन्म गेलेल्या या माणसाने ती सवय दोघांनाच लावली होती, मुलाला आणि जावयाला. दाजी लग्नानंतर काही वर्षे इथेच काम करत, मग जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडले. या ठेंगण्या, लांब नाकाच्या लाल स्पोर्ट्स कारसाठी त्यांनी गिऱ्हाईकही आणले होते. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले होते. तेव्हापासून दाजींच्या फेऱ्या वाढल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होते.

“काय मेहुणे, पाय बाहेर आणि डोकं आत? गाडीनं गिळलं की काय?”

दाजींचाच आवाज. तो सरकत बाहेर आला, पण हसला नाही. भांडणाचे शब्द त्याला नेहमी उशिरा सुचत, म्हणून त्याने सोडवलेली पट्टी फक्त तळहातावर पुढे धरली.

“हे तुम्ही केलंत?”

दाजींनी पट्टीकडे पाहिले. मग त्यांची नजर उघड्या दारातून पलीकडे गेली. पायऱ्यांवर बाबा चष्म्याच्या काचा पुसत बसले होते. पुसून झाल्या तरी पुसतच होते.

“समज, मीच केलं.”

“समज म्हणजे?”

“म्हणजे आळ घ्यायचाच असेल तर माझ्यावर घे. जावई म्हणजे घरचा हक्काचा आरोपी.”

“थट्टा नको, दाजी. गेल्या रविवारी मागचा टेम्पो अगदी टेकता टेकता थांबला. ब्रेक लागलाय हे त्याला कळलंच नाही. आणि उद्या बाबा ही गाडी फिरायला काढणार, तेव्हा तुमचीच मुलगी तीत बसणार आहे.”

“नाही बसणार,” दाजी हळूच म्हणाले. “तेच सांगायला आलोय. पिल्लूला ताप आहे.”

“खरंच आहे?”

दाजी दाराकडे वळले.

दिवे लागत नाहीत हे त्याने बाहेर कुणालाच सांगितले नव्हते. मग यांना कसे कळले? स्वतःची मुलगी तेवढी बाजूला काढायची, आणि म्हाताऱ्याला रस्त्यावर सोडायचे? एखादा धक्का बसला, की गाडी आपसूक विकायला निघेल.

“तार जोड,” जाता जाता दाजी म्हणाले. “पण एक कर. जोडल्यावर पेडलवर बाबांनाच पाय ठेवायला सांग, आणि तू मागे उभा राहा.”

“का?”

“मी राहिलोय म्हणून सांगतो. माझी गाडी होती त्यांच्या मागे, पावसाळ्याआधी.”

ते गेले. त्याने तार बसवली, जरा रागानेच. सीट आणि पेडल यांच्यामध्ये नेहमीची लाकडी काठी अडकवली आणि मागे आला. भिंतीवर लाल उजेडाचे दोन गोल पडले होते. शांत, स्थिर. काम झाले होते. आता बाबांना बोलावण्याची खरे तर गरज नव्हती.

त्याने काठी काढून घेतली.

“बाबा, जरा पेडल दाबता का?”

“काठी आहे ना तुझी?”

“एकदा पायानं बघू.”

बाबा उठायला वेळ लावत होते. आले ते दाराला धरून, खाली खाली वाकत. ही गाडी माणसाला बसवून घेत नाही, जवळजवळ निजवते. दार लावून घेतले. तो मागे उभा राहिला.

भिंतीवरचा लाल उजेड थरथरत होता.

आधी त्याला वाटले, बल्ब सैल आहे. त्याने दिव्याच्या काचेवर टिचकी मारली. थरथर तशीच. ओंजळीत धरलेला पक्षी फडफडावा तसा तो उजेड विझत होता, पेटत होता.

“जरा जोरात दाबा.”

उजेड स्थिर झाला.

“आता हलका ठेवा पाय. सिग्नलला ठेवतो तसा.”

पुन्हा थरथर. काठीखाली हाच उजेड हलला नव्हता.

आरशाच्या अरुंद पट्टीत त्याला बाबांचे डोळे दिसले. ते भिंतीकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होते.

“काय झालं? लागत नाहीत?”

“लागतायत.”

“अर्थिंग नीट नसेल.”

ती जागा त्याने स्वतः घासली होती, आणि घासताना बाबा शेजारीच उभे होते. हातात अजून ती काळी पट्टी होती. ती बोटांना चिकटत होती. दिवेच लागले नाहीत, तर पायाची थरथर मागून कुणाला दिसणार नव्हती.

“असेल,” तो म्हणाला.

मग तो चालकाच्या दाराशी येऊन ओणवा झाला.

“बाबा, उद्या मी चालवू?”

“तू? चढावर बंद पाडतोस.”

“म्हणून तर तुम्ही शेजारी हवेत. ओरडायला कुणीतरी लागतंच मला.”

“आणि पिल्लू?”

“मागे मावेल. पाय पोटाशी घेऊन.”

बाबांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, जसा झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग दार उघडले, आणि बॉनेटला धरत धरत वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. तेवढ्या वेळात त्याने बाहेर येऊन फोन लावला.

“दाजी, ताप उतरला का तिचा?”



“मागे उभा राहिलास?”

“हो. उद्या मी चालवणार.”

“मग उतरला म्हणायचा.”

“दाजी, मघाशी मी...”

“राहू दे रे. सकाळी लवकर या, ती उड्या मारतेय.”

तो परत येऊन स्टिअरिंगमागे बसला आणि ब्रेकवर पाय ठेवला. बाबांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिले. खूप वेळ पाहिले.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले.

मग सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी काळ्या चिकटपट्टीचे रीळ काढले आणि त्याच्याकडे न बघता गिअरच्या दांड्याजवळ ठेवले.

“हे तुझ्याकडेच असू दे.”

त्याने रीळ उचलून अंगठा फिरवला. टोक लगेच सापडले. नख लावावे लागले नाही.