डाव्या चाकाची खडखड

“गाडीचं पुढचं डावं चाक मला बरं वाटत नाही. एकदा बघून घ्या,” असं नणंदेने उतरता उतरता सांगितलं होतं. त्यावर तिच्या वहिनीने मांडीवरच्या लेकीकडे बोट दाखवून “ताई, हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा,” एवढंच म्हटलं आणि पिकअपचं दार अलगद ओढून घेतलं.

एरवी ती कुठलीही गोष्ट सहजी सोडणाऱ्यातली नव्हती. दूध हुंगून बघायची, गॅस बंद केलाय ना म्हणून फाटकापासून परत फिरायची, बाळ शिंकलं तरी पुस्तक उघडून बसायची. नवरा तिला ‘फौजदार’ म्हणायचा. पण या एका खडखडीकडे फौजदारांनीच काणाडोळा केला होता, कारण पोरगी घरात झोपायला तयारच नव्हती. पाळणा झाला, गाणी झाली, खांद्यावर टाकून येरझाऱ्या झाल्या. मग एकदा नवरा फळ्या पोचवायला निघाला. तो सुतार, पिकअप जुनीपुराणी. त्याने मायलेकींना सोबत घेतलं, आणि खड्ड्याखड्ड्याला चाकाखालून येणाऱ्या ‘खडक-खट्’वर पोरगी गुडूप झोपी गेली. तेव्हापासून जेवणं आटोपली की तिघांची एक फेरी ठरलेली, उतारावरून खाली पुलापर्यंत. आवाज वाढत गेला, तशी बाळाची झोपही वाढत गेली. घरात आनंदीआनंद.

नणंद बसडेपोत मेकॅनिक. तिने पुन्हा काही सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी भरदुपारी ती सरळ अंगणात येऊन उभी राहिली. एका हातात हत्यारांची पेटी, काखेत भलामोठा खोका.

“हे काय गं ताई?” भावाने विचारलं.

“तुझ्या गाडीची नवी हाडं. बॉल जॉइंट, बुश, शॉकअप. चल, खोलू या.”

“आत्ता? बाळाची झोपायची वेळ झालीय.”

बाळाने हे ऐकलं असावं. त्याने असं भोकाड पसरलं, की शेजारच्या कुत्र्यानेही साथ धरली.

“एक फेरी मारून येतो, मग खुशाल खोल,” नवरा स्टेअरिंगवर बसलासुद्धा. “तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?”

रडणारं बाळ खांद्यावर घेऊन तिने दाराच्या मुठीला हात घातला. नणंद भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. एक शब्द बोलत नव्हती. ताई आणि गप्प? एवढ्यानेच तिचा मुठीवरचा हात थबकला. नजर खाली गेली. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची नक्षी शाबूत होती, आतली कड मात्र फरशीसारखी गुळगुळीत झाली होती. चाक उभं नव्हतंच, किंचित कललेलं होतं.

“नको,” ती म्हणाली.

“काय नको?”

“फेरी नको. उतर तू खाली.”

“फौजदार, अहो, पाचच मिनिटं...”

“उतर म्हणते ना!”

तो उतरला. नणंदेने जॅक लावून चाक अधांतरी केलं आणि भावाला म्हणाली, “टायर वरून-खालून धर आणि हलव.”

त्याने हलवलं. खडक-खट्. रोज मांडीवर बाळ घेऊन ऐकलेला तोच आवाज.

चाक काढल्यावर नणंदेने तिलाही वाकून बघायला लावलं. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्यासारखाच, वाटीत बसलेला गोळा. त्यावरचं रबर फाटून धूळ आत गेली होती, ग्रीसचा मागमूस नव्हता. त्या गोळ्याची दांडी सोडवायला हातोड्याचे घणाघाती ठोके घालावे लागले, आणि त्या ठोक्यांत कार्टी चक्क झोपून गेली!

“हिला पाळणा कशाला केलास रे? ऐरण आणून दे,” नणंद म्हणाली.

पण दांडी सुटली आणि तिचं हसू मावळलं. जो गोळा वाटीत घट्ट अडकून राहायचा, तो नुसत्या बोटांनी बाहेर आला.

“आत्ता निघालो असतो तर?” नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“कदाचित काहीच झालं नसतं. किंवा उतारावर चाक आडवं झालं असतं. देवालाच ठाऊक.”

डावी बाजू झाली, उजवीही केली. नवे जॉइंट, नवे शॉकअप, नवे रबरी बुश बसले. चाक हवेत असतानाच नवरा बुशाचा नट आवळायला धावला, तर पाठीत धपाटा बसला. “अरे ठोंब्या! आधी गाडी जमिनीवर येऊ दे. तिचं ओझं तिच्या पायांवर आलं की मग आवळायचं. नाहीतर रबर पिळून दोन महिन्यांत फाटेल.”

बहीणभाऊ फेरी मारायला गेले. झोपलेली लेक घेऊन ती फाटकाशी उभी राहिली. पिकअप गतिरोधकावर चढली, उतरली. कसला म्हणून आवाज नाही. वळून परत आली, तरी नाही. ती पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

नणंद हात पुसत शेजारी येऊन बसली. “बाळ झोपलं. तू कधी झोपलीस गं शेवटची? नीट, पोटभर?”

ती आठवायला लागली. आठवेना.

“वाटलंच मला. आण तिला इकडे. जा, आत जाऊन पड. उठवायला कुणी येणार नाही.”

ती जाऊन पडली ती दिवेलागणीलाच उठली. बाळ आत्याच्या मांडीवर खेळत होतं, आणि नवरा न सांगता भात लावून मोकळा झाला होता.

तुमच्या ओळखीत नुकतं बाळ झालेलं घर असेल, तर एकदा जाऊन या. बाळ झोपतं का, हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याच्या आईला विचारा, तू झोपतेस का. ती हसून विषय बदलायला लागली, तर लगेच उठू नका. बाळाला मांडीवर घ्या आणि तिला आत पाठवा.