न पुसलेली रेघ

"हलू नका! श्वास धरा! जग थांबलंय असं समजा!"

काळ्या कापडाखालून हा आवाज यायचा आणि खरंच जग थांबायचं. रडणारं बाळ गप्प व्हायचं, नवरीच्या कानातले लोलक झुलायचे थांबायचे, खोकणारे आजोबा खोकला गिळून बसायचे. आवाज होता बाईंच्या नवऱ्याचा. तो जाऊन बराच काळ लोटला, स्टुडिओच्या दाराला कुलूप लागलं. तरी कॅमेरा म्हटलं, की बाईंच्या कानात तोच आवाज घुमायचा. आज लेकीचा हात धरून कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढतानाही घुमला.

नवरा जग थांबवायचा आणि बाई ते नीटनेटकं करायच्या. उजेडापुढे निगेटिव्ह धरायची, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं तिच्यावर हलके हलके ठिपके द्यायचे. जिथं शिसं लागेल, तिथली सुरकुती छापलेल्या फोटोतून गायब! "म्हातारपणावर औषध कशाला, बाईंची पेन्सिल आहे की," असं लोक हसत म्हणायचे. किती कपाळं त्यांनी सपाट केली, किती डोळ्यांखालची जागरणं पुसली, त्यांची त्यांनाच ठाऊक.

त्याच बाईंना आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता.

ओल्या निगेटिव्हवर कुणी अंगठा ठेवावा, तसा नजरेच्या मधोमध एक डाग बसला होता. दाराची चौकट दिसे, दारातल्या माणसाचे खांदे दिसत, पायातल्या चपला दिसत. नेमकं तोंड डागाखाली. हा डाग जायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी ते ऐकलं आणि पोटात ठेवलं. कारण त्यांची चिमणी (लेकीला त्या चिमणीच म्हणत) येत्या सोमवारी नव्या नोकरीसाठी दूरदेशी निघणार होती. इथं उजेड असला की तिथं अंधार, अशा देशी. आईला साधी शिंक आली तरी रजा टाकणारी ती. डागाचं कळलं असतं, तर बॅग पुन्हा माळ्यावर गेली असती.

पण जाण्याआधी एकदा, एकदाच, तिचं तोंड डोळे भरून बघायचं होतं. म्हणून हा कॅमेरा.

"आई, मोबाइलमध्ये आहे की कॅमेरा," लेक पुन्हा म्हणाली.

"मोबाइल बोलायला असतो. मी फोटो बघत बसायची आणि मध्येच तुझ्या मावशीचा फोन यायचा. मग बस तासभर गप्पा मारत!"

दुकानदारीण खळखळून हसली. तिनं काचेच्या कपाटातून तीन छोटे डिजिटल कॅमेरे काढून पुढ्यात मांडले. "रोज वापरायला ना, मावशी? हा घ्या. पाण्यात पडला तरी काही होत नाही."

"मी कुठं पाण्यात पडणार आहे?"

"मग हा. एकदम पातळ. सगळं काचेवर बोटानं."

बाईंनी बोट फिरवलं. नुसती गुळगुळीत काच. बोटाला काही सांगेना. "हा मुका आहे गं. तिसरा बघू."

तिसरा जरा जाडजूड होता, पण मुठीत बसला. अंगठ्याखाली उंचवट्याची बटणं लागली, वर एक फिरणारी दांडी.

"ही कशाला?"

"फोटो काढताना दूरचं जवळ आणते, मावशी. आणि काढलेला फोटो बघताना फिरवली, तर हवा तेवढा मोठा करते. ही चार बटणं दाबली, की मोठा झालेला फोटो इकडे-तिकडे सरकतो."

बाईंचा अंगठा दांडीवरच थांबला. "हवा तेवढा?"

"हवा तेवढा."

"चिमणे, दारात उभी राहा. उजेड गालावर घे. हलू नको, श्वास धर!"

"आई, आता श्वास नाही धरावा लागत!"

"तू धर."

लेकीनं धरला. बाईंनीही धरला, सवय ती सवय. कट्‌ असा एवढासा आवाज झाला आणि फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उमटला. बाईंनी ती काच डोळ्याशी नेली, मान तिरकी केली आणि दांडी फिरवली.

आधी नेहमीचंच. दार, खांदे, मध्ये डाग. बाईंनी आणखी फिरवली. चेहरा फुगू लागला, पिठाच्या गोळ्यासारखा वाढत वाढत चौकटीला भिडला. डाग होता तेवढाच राहिला. चेहरा डागापेक्षा मोठा झाला!

बटण दाबत दाबत बाई लेकीच्या चेहऱ्यावरून चालू लागल्या, भल्या सकाळी आपल्याच शेताच्या बांधावरून चालावं तशा. ही भुवई, बापासारखी मध्येच तुटलेली. ही पापणी. अरे, पापणीचा एकेक केस! डोळ्याच्या बाहुलीत दुकानातला दिवा चमकत होता, आणि त्या दिव्याखाली मुगाएवढी एक बाई कॅमेरा धरून उभी होती. बाई त्या बाईकडे बघतच राहिल्या. लेकीच्या डोळ्यात आपण इतके दिवस मावून बसलोय, हे त्यांना आजवर कुठल्याही निगेटिव्हनं सांगितलं नव्हतं. ओठांत एक जुनी ओवी हलली:

डोळ्यांची दारं दोन, एक उघडं, एक बंद
लेक उभी उंबऱ्यात, तिला निघायाचा छंद

मग ओठांची कड आली. आणि तिच्याशेजारी एक रेघ.

खोल, बारीक, गालात उतरलेली. बाईंची बोटं आपसूक चिमटीत आली; पेन्सिल धरल्यासारखी. इथं दोन ठिपके दिले की गेली. पण चिमूट काचेपाशी जाऊन थबकली. पुसायची? ही?

"चिमणे, ही रेघ कधी आली गं?"

"कुठली?" लेकीनं वाकून पाहिलं. "ही होय! बाबा गेले तेव्हापासूनची आहे, आई. रोज तर बघतेस..."

बोलता बोलता ती थांबली. तिरकी मान, डोळ्याला चिकटलेला कॅमेरा, आणि कप ठेवताना हल्ली टेबल चाचपणारा हात, सगळं तिनं एकापुढे एक ठेवलं असावं. दुकानदारीण खोका आणायला म्हणून हळूच आत गेली.

"आई?"

बाईंनी धरलेला श्वास सोडला.

"नाही दिसत गं मला तुझं तोंड. कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, ते परत येणार नाही. तू थांबशील, म्हणून बोलले नाही. आज मात्र सगळी बघितली तुला, रेघेसकट. आता जा. आणि तिथून फोटो पाठवत राहा, जवळून काढलेले. न पुसलेले."