मिठागरावरचा फुगा

मित्रांनो, मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे हं! मला फुगवायला गॅसच्या सिलिंडरांनी भरलेला ट्रक लागतो. पूर्ण फुगलो की मी चांगला दुमजली घराएवढा होतो, पण अंग कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. पायांत मोजे घातलेल्या कारागिरांनी मला पट्टीला पट्टी जोडून तयार केलं. याला नखसुद्धा लागू देऊ नका, असं त्यांचा मुकादम दिवसभर बजावत असे. एवढे लाड पुढे कोणी केले नाहीत.

माझं काम ठरलेलं होतं. ढगांच्याही वर जायचं आणि पोटाखाली टांगलेल्या डब्यातून थोडीशी खडूची भुकटी उधळायची. ती भुकटी ऊन माघारी पाठवते का, हे बाईंना पाहायचं होतं. बाई म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख. पृथ्वी तापत चालली आहे, उद्या तिच्यावर सावली धरायची वेळ आलीच तर ती कशी धरायची, या विचारानं त्यांना झोप लागत नसे. आणि मला? मला फक्त वर जायचं होतं.

केंद्राच्या कुंपणापलीकडे मिठागर होतं. ज्यांच्या डोक्यावरून मी जाणार, त्यांना आधी विचारायचं असा नियम होता. म्हणून बाईंच्या लोकांनी सभा ठेवली. पण कधी? भर दुपारी, रखरखीत उन्हात! मिठागरात नेमकी तीच वाफ्यांतलं मीठ ओढून गोळा करायची वेळ. सभेला चिटपाखरूही फिरकलं नाही. रिकाम्या खुर्च्या पाहून या मंडळींनी खुशाल जाहीर केलं, कोणाचीही हरकत नाही. शिकलेली माणसंही कधीकधी अशी माती खातात.

उड्डाणाच्या सकाळी माझ्यात गॅस भरू लागले. माझं डोकं जमिनीवरून उचललं गेलं, दोर ताणले गेले. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात तेवढंच सुख मला मिळालं! तेवढ्यात मिठागरातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. पुढे होती मावशी, त्यांच्यातली सगळ्यांत वडीलधारी. गुडघ्यापर्यंत तिचे पाय मिठानं पांढरे झाले होते.

"बाई, आमचं मीठ उन्हावर पिकतं," ती म्हणाली. "उद्या ऊन कमी पडलं आणि आम्ही थांबवा म्हटलं, तर थांबवणार कोण?"

भुकटी अगदी एवढीशी आहे, तुमच्या मिठाच्या एका खड्यालाही धक्का लागायचा नाही, असं बाईंनी परोपरीनं समजावलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाई माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी स्वतःच माझी झडप उघडली. गॅस निघून गेला आणि मी त्यांच्या पायाशी पसरलो. फार राग आला मला त्या मावशीचा. रडूही आलं.

पेटीत पडून किती वर्षं गेली, कोण जाणे. बाई अधूनमधून झाकण उघडून घड्यांवरून हात फिरवत. दर वेळी त्यांचे केस आणखी पांढरे दिसत. सभा आता दिवेलागणीला होत, मीठ ओढून झाल्यावर, आणि खुर्च्या पुरत नसत. वाद होत, चहा होई, पण मावशीच्या प्रश्नाला उत्तर काही मिळत नसे. मी अंधारात वरच्या निळ्या रंगाची स्वप्नं बघत पडून राही. बाईंची निवृत्ती जवळ येत चालली होती.

शेवटी उत्तर सापडलं. डबा बंद करायचं बटण मिठागराच्या हाती राहील, आणि ते दाबलं तर कारण विचारायचं नाही.

"थांबवणार कोण म्हणालात ना मावशी? तुम्हीच," बाई म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "एकदा बघू."

मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या घड्याघड्यांवर चिरा पडलेल्या होत्या. बाईंनी मला उजेडात धरून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्याच मापाचा नवा फुगा बनवायचं ठरलं. मी भंगारात जाणार, तर मावशीनं मला मागून घेतलं. अवकाळी पावसात मिठाच्या राशी झाकायला बरा, म्हणाली.

तेव्हापासून मी उघड्या आभाळाखाली राशीवर अंथरलेला असतो. तिथूनच मी त्या नव्याला वर जाताना पाहिलं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मावशी माझ्याशेजारी हातात बटण घेऊन बसली होती. सगळे माना वर करून बघत होते. बाई मात्र मावशीच्या अंगठ्याकडे बघत होत्या. अंगठा बटणावर होता, पण त्यानं ते दाबलं नाही.

मित्रांनो, आकाशात काही पाठवायचं असेल, तर खालच्या माणसांना आधी विचारा; आणि त्यांना यायला जमेल अशा वेळी विचारा. कोणी थांबा म्हटलं तर थांबा. थांबणं फार जड जातं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! अजूनही वारा सुटला की माझी एक कड आपोआप वर उचलली जाते. मग मावशी येते आणि तिच्यावर हळूच एक दगड ठेवते.