निळ्याले बादलीत काढलं

माझा पोरगा राजदीप जहाजावर नोकरीले चालला तेव्हा घरात समुद्र आणून ठेवून गेला. मले कोणी विचारलं काय? नाई. आमच्या मूल नावाच्या गावात, जिथी चारी बाजूले धानाच्या बांध्या आन् राइस मिलचा भुसा, तिथी माझं शिलाई मशीन कोपऱ्यात ढकलून बैठकीत काचेची पेटी बसली. आत पांढरी वाळू, मोठे खडबडीत गोटे, आन् नागपूरहून आणलेलं खास मीठ कालवलेलं पाणी. पाण्याची घडी बसावी म्हणून त्यात एकच मासा सोडला होता, बोटाएवढा, निळाशार. दुकानदार म्हणे हा डॅमसेल काटक असते, नव्या पाण्यातही तगते. महिनाभर तो एकटाच त्या पेटीत इकडून तिकडे फिरत होता, पाटलासारखा.

जाताना राजदीपनं कामं वाटून दिली. पाणी पाहणं साक्षीकडे, आन् पुढचे मासे निवडणं त्याच्या बाबाकडे. साक्षी म्हणजे त्याची बायको, नागपूरची पोरगी. लग्नाले दोन महिनेही झाले नव्हते आन् नवरा समुद्रावर. पेटी तिच्यासाठीच होती, हे मले न सांगता समजलं.

खरं सांगतो, मले पोरगी पाहिजेच होती घरात. राजदीपच्या पाठीवर झाली ती राह्यली नाई. मुलगा शिकायले बाहेर गेला तसं घर मुकं झालं. आमचे हे, हरिदासराव, बोलतात ते माशाबद्दल, आन् मी बोलतो ते ऐकतात का नाई देवच जाणे. सून येणार म्हटल्यावर मी साड्यांचं कपाट अर्धं खाली करून ठेवलं होतं.

पण आली ती बोलेचना. हसायची, हो म्हणायची, आन् खोलीत जाऊन बसायची. सैपाकखोलीत आली की मी तिच्या हातचं काम काढून घेत होती, तिले आराम म्हणून. तिनं तुरीची डाळ शिजवली तर मी बाजूले लाखोरीची चढवायची, कारण यांना तीच लागते. तिनं भाताचा गंज धुऊन पालथा घातला तर मी उचलून माझ्या जागेवर ठेवायची. तीस वर्षांची मांडणी आहे ती, अंधारातही हात बरोबर हळदीवर जाते माझा. मी तिले कधी वाकडा शब्द बोलली नाई. एक नाई.

मग एक दिवस जेवताना, ताटाकडे पाहत साक्षी म्हणाली की राजदीप येईपर्यंत ती माहेरी जाते, रविवारी भाऊ न्यायले येईल. यांनी मान हलवली. मीही म्हटलं, जा बाई, आईले बरं वाटेल. आन् उठून भांडे घासायले बसली. आता गेली तर सणावारी पाहुणीसारखी येईल, दोन दिवस राहील, हो हो म्हणेल आन् जाईल, हे मले लख्ख दिसून राह्यलं होतं.

त्याच हप्त्यात यांना मासे आणायची हुक्की आली. नोकरी सारी मत्स्य खात्यात गेली यांची, मूल-सावली भागातला एक तलाव नाई जिथी यांनी माशाचं बीज सोडलं नाई. त्यातलं यांचं एकच शास्त्र. कटला वर चरते, रोहू मधात, मिरगल तळाशी. तिघांचे मजले वेगळे, म्हणून एका तलावात तिघं सुखानं वाढतात. निवृत्त झाल्यापासून हे शास्त्र ऐकायले माणूस मिळत नव्हता, ते मी रोज ऐकत होती.

तर हे नागपूरले गेले. दुकानवाला नदीम काहीतरी सांगायले लागला, का चाचा, तो निळा आता एकटा राहून राहून कडक झाला असंल, तर यांनी त्याले मधातच थांबवलं. यांचा हिशेब तयार होता. निळा मधला झाला, आता वरचा एक पाहिजे आन् खालचा एक. वरच्या मजल्यासाठी नारंगी-पांढऱ्या पट्ट्याचा क्लाऊन घेतला, खालच्यासाठी वाळू चाळत बसणारा गोबी. ऑक्सिजन भरलेली पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं आले, लेकरू आणल्यासारखे.

पिशवी घडीभर पाण्यावर तरंगत ठेवून मग मासे सोडले. शेजारची सोमारी पाहायले आली आन् म्हणे, बरं झालं, याइले मीठ आतूनच लागलं असंल, तळताना टाकायचं काम नाई. साक्षी खुदकन हसली. या घरात मी तिचं तसं हसू पहिल्यांदा ऐकलं आन् सोमारीचा राग यायच्या ऐवजी तिले चहा पाजला.

पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर क्लाऊन पंपाच्या मागं कोंबून बसलेला. शेपटीची झालर फाटलेली. गोबी गोट्याखालून बाहेर येईना. आन् निळा वर, खाली, मधात, साऱ्या मजल्यांवर गस्त घालून राह्यला होता. दाणा टाकला की आधी त्यानं खायचं, बाकीच्यांनी हलायचं नाई.

आमचे हे खुर्ची ओढून पेटीसमोर बसले ते उठेचनात. तलावात असं कधी झालं नाई, असं तीनदा म्हणाले. तलाव केवढा आन् ही पेटी केवढी, मी म्हटलं, तर माझ्यावरच वसकले.

साक्षीनं नदीमले फोन लावला. बराच वेळ हूं हूं करत होती. मग आली आन् पदर खोचला. म्हणाली निळ्याले बादलीत काढायचं, याच पाण्यात, पंपाची नळी आत सोडून. सारे गोटे उचलून वेगळे मांडायचे, एकही जुन्या जागी नाई. मग त्या दोघांना मोकळं फिरू द्यायचं, आपापली जागा धरू द्यायची, आन् दोन दिवसांनी निळ्याले परत सोडायचं. घर नवीन दिसलं की तो भांडत नाई, जागा शोधते.

निळ्याले धरायले आम्ही तिघं लागलो. यांच्या हातात जाळी, साक्षीचे हात कोपरापर्यंत पाण्यात, माझ्याकडे बादली. साडी ओली झाली, बैठकीत चिखल झाला. शेवटी सापडला. बादलीत तो गोल गोल फिरत होता आन् माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, मेल्या, एवढं घर होतं तर दोन जीव जड झाले काय तुले, दुष्ट कुठला.

साक्षी गोटे लावत होती. वर न पाहता म्हणाली, "तो दुष्ट नाई आई. आधीपासून एकटा होता ना, त्याले वाटते सारं त्याचंच आहे. दुसऱ्याले जागा लागते हे त्याले माहीतच नाई."

सहज म्हणाली ती. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नाई. पण आमचे हे जाळी हातात धरून माझ्याकडे पाहायले लागले.

"माझ्याकडे काऊन पाहून राह्यले?" मी म्हटलं.

ते मिशीत हसले. यांना मी आयुष्यभर अडाणी समजत आली तसे ते नाईत, हे मले तेव्हा पटलं आन् लय राग आला.

त्या दिवशी मी दिवसभर पेटीसमोर बसून पाहत होती. संध्याकाळपर्यंत क्लाऊन पंपामागून निघाला. एका गोट्याच्या आडोशाले गेला, परत आला, परत गेला. गोबीनं दुसऱ्या टोकाले वाळू उकरून भोक केलं. खात होते दोघं. बादलीतला निळाही खात होता, त्याले काही झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी सैपाकखोली खाली केली. डबे, गंज, परात, मसाल्याची पेटी, सारं आंगणात. मांडणी घासून पुसून कोरडी केली. साक्षी दारात येऊन उभी राह्यली, तिले वाटलं मी रागावली. तिचा चेहरा पाहून मलेच कसंसं झालं.

मी म्हटलं, "मी सावलीले बहिणीकडे जातो दोन दिवस. हे सारं तू लाव, तुले पाहिजे तसं. माझ्या जागी एक डबा ठेवायचा नाई."

ती म्हणाली, "आई, उद्या तर माझा भाऊ..."

"माहीत आहे मले," म्हटलं, आन् पिशवी घेऊन बस स्टँडवर गेली. मागं पाहिलं असतं तर जाणं झालंच नसतं माझ्यानं.

सावलीले बहिणीनं खूप विचारलं, काय झालं वं, भांडण झालं काय. मी तिची भेंडी चिरून दिली, पापड लाटून दिले. रविवारी दुपारी तर वाटलं, आता भाऊ आला असंल, आता बॅग उचलली असंल, आता वाटेत नागभीडपर्यंत गेली असंल. फोन करायची हिंमत झाली नाई.

सोमवारी घरी आली तर बैठकीत कोणी नाई. पेटीत निळा परत सोडलेला होता, नव्यानं मांडलेल्या गोट्यांतून नाक खुपसत फिरत होता, आन् क्लाऊन त्याच्या बाजूनं आरामात गेला. आमचे हे आंगणात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. विचारायचं धाडस होईना, म्हणून मी सरळ सैपाकखोलीत गेली, चहा ठेवायले.

हात जिथी जायचा तिथी रव्याचा डबा. खाली पाहिलं तर डाळी. चहापत्ती कुठीच दिसेना. तीस वर्षं जिथी डोळे मिटून सैपाक केला तिथी मी येड्यासारखी डबे उघडून पाहत होती, आन् डोळ्यांत पाणी यायले लागलं.

यांनी बाहेरून सांगितलं, "भाऊ आला होता तिचा. जेवून गेला. ती म्हणे, घर सारं पसरलेलं आहे, आई गावाले गेल्या, आता कशी येऊ."

तेवढ्यात मागच्या दारातून साक्षी वाळलेले कपडे घेऊन आली. मले तशी उभी पाहून घाबरली. म्हणाली, आई, तुम्हाला नाई आवडलं काय, मी लगेच पहिल्यासारखं लावून देते.

मी तिचा हात धरला. "हात लावशील तर पाहून घे," म्हटलं. "मले फक्त चहापत्ती कुठी आहे ते सांग. आन् उद्याही सांग, मी विसरून जाईन."