लोखंडी चौकटीवरची पिल्लं

नदीकाठी एक म्हातारा माशांची पिल्लं वाढवायचा. नदीत त्या जातीचे दुसरे मासे आता उरले नव्हते. ही पिल्लं समुद्रात जातात, चार वर्षांनी अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. वाट दाखवायला कोणी नसतं. पृथ्वी म्हणजे एक भलामोठा चुंबक. त्याची ओढ त्यांना आतून जाणवते, वळायचं कुठे ते कळतं.

यंदा सासऱ्याची कंबर वाचावी म्हणून वेल्डर जावयाने लाकडी टाक्यांखाली उंच लोखंडी चौकटी बसवल्या. लोखंड कमी पडलं, म्हणून एक टाकी विटांवरच राहिली.

पिल्लं सोडायच्या सकाळी लेकीने सहज चौकटीवरच्या एका टाकीवर होकायंत्र धरलं. सुई गरकन फिरली. दुसऱ्या कोपऱ्यात सुईने वेगळीच उत्तर दिशा दाखवली.

"बाबा, ही पिल्लं दिशा कुठली शिकली असतील?"

"मासे काय शाळेत जातात?" म्हातारा हसला. "नवऱ्याला नावं ठेवायला तुला निमित्तच हवं."

अंगणातल्या गोल लाकडी टबात लेकीने विटांवरच्या टाकीतली दहा पिल्लं सोडली. थोड्या वेळाने दहाही तोंडं दक्षिणेकडे, समुद्राच्या बाजूला झाली. मग ती काढून चौकटीवरची दहा सोडली. दहांची दहा तोंडं दहा दिशांना.

म्हातारा हसायचा थांबला.

"दोन दिवस खाली उतरवून ठेवू," जावई म्हणाला. "सुधारतील."

"अंगावर चांदी चढलीय त्यांच्या, समुद्रात जायची वेळ झालीय," म्हातारा म्हणाला. "आता खारं पाणी नाही मिळालं तर मरतील. आणि जन्मापासून मुरलेलं दोन दिवसांत निघत नाही."

"मग चार वर्षांनी परत किती येतील?" लेकीने विचारलं.

"आले तर त्या एका टाकीतले." म्हातारा टबाकडे बघत राहिला. "सोडा सगळी."

विटांवरच्या टाकीतली पिल्लं प्रवाहाबरोबर निघून गेली. बाकीची हजारो पिल्लं काठच्या धक्क्याच्या लोखंडी खांबांभोवती गोल फिरत राहिली. जावई कमरेपर्यंत पाण्यात उतरला, दोन्ही हातांनी त्यांना पुढे लोटू लागला.

"जा ना रे. तिकडे, तिकडे."

ती हातभर पुढे जायची आणि वळून परत यायची. पलीकडच्या काठावर एक बगळा उतरला. मग दुसरा. बघता बघता काठ पांढरा झाला.

"बाहेर ये," म्हातारा म्हणाला.

जावई आला नाही.