आई शेवटचं कधी बोलल्या

"शेवटचं नीट कधी बोलल्या त्या?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

सासूबाईंना स्ट्रोक आला होता. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. स्कॅन झाल्या झाल्या एआयने खुणा करून चित्रं डॉक्टरांच्या फोनवर पाठवली: रक्तस्राव नाही, डावीकडे गुठळी, पलीकडचा मेंदू बराचसा जिवंत.

"गुठळी त्याने दोन मिनिटांत शोधली. पण सुरुवात कधी झाली ते घरच्यांनीच सांगायचं. साडेचार तासांच्या आत असेल तरच मी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देईन. तीन वाजून गेलेत."

"मी आठला निघालो तेव्हा आई झोपली होती," आयुष म्हणाला. "नम्रता घरीच होती की."

होते ना. धायरीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, आणि दोन दिवसांचा अबोला. आमच्या तान्ह्या लेकीच्या, मैत्रीच्या पाळण्यावर मी कॅमेरा लावला म्हणून. त्या गप्प, यात मला नवल वाटलंच नाही. दीड वाजता आतल्या खोलीत ऑफिसची मीटिंग चालू असताना फोनवर दिसलं, पाळण्याची दोरी त्यांच्या हातून सुटली. कॅमेऱ्यातूनच मी बोलले. त्या नुसत्या बघत राहिल्या. म्हटलं, चालू द्या रुसवा. फोन पालथा ठेवला. अडीचला मैत्री रडायची थांबेना, तेव्हा उठले.

"अगं, एवढंही माहीत नाही तुला?" आयुषने विचारलं.

माहीत होतं. फोनमध्ये होतं, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये. पण अकराचं त्यांचं बोलणं दाखवायचं तर दीडचंही त्यातच.

पडद्याच्या फटीतून आईंचा डावा हात दिसत होता. उजव्या हाताला शोधत असल्यासारखा चादर चाचपत होता.

मी फोन काढला. अकरा वाजून पाच मिनिटं. आईंचा आवाज आला.

"मैत्रीबाई, सांगा आपल्या मातोश्रींना, आजीवरही एक कॅमेरा लावा म्हणावं. पळून जायची म्हातारी."

आयुषने माझ्याकडे बघितलं.

"शब्द स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले. "अकरा पाच. अर्धा तास आहे अजून." आणि आत पळाले.

तीन वीसला इंजेक्शन सुरू झालं. फोन आयुषच्याच हातात राहिला होता. आईचा आवाज त्याने पुन्हा लावला. मग आणखी एकदा. मग अंगठा पुढे सरकला.

"दे ना फोन."

"थांब गं. बघू दे."

बारा. साडेबारा. मी मैत्रीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"आई, दोरी सुटलीय," फोनमधून माझा आवाज आला.